पंधरा वर्षांचा रहिवास

(दृश्य : वाळूज औद्योगिक वसाहत, पहिल्या पाळीची वेळ)

दिवस उजाडता उजाडता छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या रस्त्यांवर पहिल्या पाळीच्या बसगाड्या एकामागोमाग येऊ लागतात. गंगापूर, पैठण, खुलताबाद या आसपासच्या तालुक्यांतली मुले त्यांतून उतरतात, आणि लांबच्या जिल्ह्यांतून येऊन बजाजनगर, रांजणगाव, पंढरपूर या जवळच्याच वस्त्यांत खोली करून राहिलेली मुले पायी येतात. एकाच फाटकातून आत जाणाऱ्या या मुलांपैकी काहींच्या गळ्यात कंपनीचे ओळखपत्र असते आणि पुष्कळांच्या गळ्यात ठेकेदाराचे. काम बहुधा शेजारीशेजारी उभे राहून केलेले, पण एक परमनंट आणि दुसरा कॉन्ट्रॅक्टचा. हा फरक कोणी सांगावा लागत नाही, गावाकडे सोयरीक जुळवताना तो सर्वांत आधी विचारला जातो.

मराठवाड्यात नव्या कारखान्याची, नव्या यंत्राची किंवा नव्या कायद्याची बातमी आली, की लोक गुंतवणुकीचा आकडा नंतर पाहतात. आधी विचारतात, कामावर कोणाला घेणार? बाहेरून पाहणाऱ्यांना हा प्रश्न कोता वाटतो, प्रदेशाला उद्योगाची दृष्टी नाही असा निष्कर्षही त्यातून काढला जातो. आम्हाला तो निष्कर्ष मान्य नाही. या प्रश्नामागे शंभर वर्षांचा अनुभव आहे, आणि तो समजून घ्यायचा तर निजामाच्या हैदराबाद संस्थानापासून सुरुवात करावी लागते.

(दृश्य : जुना हैदराबाद संस्थानाचा नकाशा)

हैदराबाद संस्थानाच्या कारभारात उत्तर हिंदुस्थानातून आणि इतर इलाख्यांतून आलेल्या माणसांचा मोठा भरणा होता. सरकारी नोकऱ्या बाहेरचे घेऊन जातात, ही तक्रार संस्थानातल्या तेलुगू, मराठी, कानडी आणि उर्दू बोलणाऱ्या सर्वांचीच होती, आणि तिच्यातूनच मुल्की आणि गैरमुल्की हे दोन शब्द रोजच्या बोलण्यात रुजले. १९१९ च्या फर्मानाने मुल्की कोण याची व्याख्या पक्की झाली. संस्थानात जन्मलेला, किंवा १५ वर्षे कायम रहिवास असलेला आणि इथेच राहण्याची हमी देणारा माणूस मुल्की मानला जाई, आणि नोकरीवर पहिला हक्क त्याचा असे. १५ वर्षांचा हा आकडा लक्षात ठेवावा, कारण पुढे तो पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी त्याचे भाषेप्रमाणे तीन भाग झाले: तेलंगण आंध्र प्रदेशात गेले, तीन कानडी जिल्हे म्हैसूर राज्यात गेले आणि पाच मराठी जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. मराठवाडा महाराष्ट्रात बिनशर्त आला, हे वाक्य आपण अभिमानाने म्हणतो आणि ते म्हणावेच. परंतु त्यानंतर या तीन भागांच्या वाट्याला नोकरभरतीचे जे नियम आले, ते शेजारीशेजारी ठेवून पाहिले, की आजच्या अनेक भूमिकांचा उलगडा होतो.

१९५७ साली संसदेने सरकारी नोकरीसाठीच्या रहिवासाच्या अटी देशभर रद्द करणारा कायदा केला, मात्र तेलंगण, हिमाचल प्रदेश, मणिपूर आणि त्रिपुरा यांना त्यातून तात्पुरती सूट ठेवली. ज्या मुल्की नियमाखाली तेलंगणातले बोधन आणि मराठवाड्यातले देगलूर ही दोन्ही गावे कालपर्यंत एकत्र नांदत होती, तो नियम बोधनसाठी चालू राहिला आणि देगलूरसाठी संपला. तेलंगणात या नियमांवरून पुढे मोठी आंदोलने झाली, न्यायालयांत निकाल उलटसुलट झाले, आणि अखेर १९७३ च्या ३२ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१ ड आला. त्याखाली स्थानिक उमेदवार कोण हे जिल्ह्यांवरून आणि विभागांवरून ठरते, उमेदवाराचे शालेय शिक्षण कोठे झाले हे त्यासाठी पाहिले जाते. कानडी जिल्ह्यांना बरीच वाट पाहावी लागली, पण २०१२ च्या ९८ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद ३७१ ज खाली बीदर, कलबुर्गी आणि रायचूरकडच्या मुलांनाही नोकरीत आणि शिक्षणात हक्काच्या जागा मिळाल्या.

मराठवाड्यासाठी अनुच्छेद ३७१ चा दुसरा खंड आहे, आणि तो तिघांत सर्वांत जुना, १९५६ चा आहे. विकास मंडळे स्थापन करावीत, तंत्रशिक्षणाच्या आणि व्यवसाय प्रशिक्षणाच्या पुरेशा सोयी द्याव्यात, राज्य सरकारच्या नोकऱ्यांत पुरेशी संधी मिळावी, असे त्यात लिहिलेले आहे. त्याआधी १९५३ च्या नागपूर करारातही लोकसंख्येच्या प्रमाणात नोकऱ्या देण्याचे कलम होते. शब्द चांगले आहेत. मात्र ‘पुरेशी’ या शब्दाला कोणी आकडा दिला नाही, आणि मंडळ स्थापन व्हायला १९९४ साल उजाडले. ३० एप्रिल २०२० रोजी त्या मंडळाची मुदतही संपली. दरम्यान १९७४ साली या प्रदेशातले विद्यार्थी नोकऱ्यांच्या आणि विकासाच्या मागणीसाठी रस्त्यावर उतरले होते. मराठवाडा विकास आंदोलन म्हणून ते ओळखले जाते, आणि गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे स्वातंत्र्यलढ्यातले नेते त्याच्या पाठीशी होते. ज्यांनी निजामाविरुद्ध लढा दिला, त्यांनाच पंचवीस वर्षांनी आपल्या राज्याकडे नोकऱ्यांचा हिशोब मागावा लागला, ही गोष्ट आमच्या मनातून जात नाही.

(दृश्य : चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा येथील कारखाने)

सरकारी नोकरीची वाट अरुंद राहिली, तेव्हा लोकांनी कारखान्यांकडे आशेने पाहिले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले. मुंबई, ठाणे, पुणे या पट्ट्याबाहेर जाणाऱ्या उद्योगांना सवलती देण्याची सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून सुरू झाली आणि तालुका जितका मागास तितकी सवलत अधिक, असे तिचे गणित ठरले. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुट्या भागांच्या लहान कारखान्यांचे जाळे विणले गेले. २००१ पासून शेंद्र्यात स्कोडाच्या मोटारी तयार होऊ लागल्या. या कारखान्यांनी मराठवाड्याला पगारी माणसांची एक पूर्ण पिढी दिली. खेड्यातल्या घराला स्लॅब पडला, मुलगी शहरातल्या महाविद्यालयात गेली, हे त्याच पगाराने घडले. म्हणूनच इथल्या माणसाच्या मनात यंत्राविषयी भीती आहे असे कोणी म्हटले तर ते खरे नाही. आयटीआयमध्ये फिटर, टर्नर, वेल्डर होण्यासाठी इथे धडपड असते.

राग आहे तो वेगळ्या जागी. महाराष्ट्रात स्थानिकांना प्राधान्य देण्याचे धोरण जुने आहे. १७ नोव्हेंबर २००८ च्या शासन निर्णयानुसार उद्योगांनी पर्यवेक्षकीय पदांवर किमान ५० टक्के आणि इतर पदांवर किमान ८० टक्के स्थानिक माणसे घ्यावीत, अशी अपेक्षा आहे, आणि प्रोत्साहनाच्या सवलतींशी ती जोडलेली आहे. स्थानिक म्हणजे कोण? महाराष्ट्रात १५ वर्षे राहिलेला. निजामाच्या फर्मानातला आकडा इथे पुन्हा भेटतो, फक्त संस्थानाच्या जागी राज्य आले आहे. या व्याख्येत मराठवाड्यातल्या घनसावंगीचा मुलगा स्थानिक आहे आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या इचलकरंजीचा मुलगाही तितकाच स्थानिक आहे. सवलत मिळते ती तालुका मागास म्हणून, पण नोकरी मात्र राज्यातल्या कोणालाही देऊन अट पूर्ण होते. सवलतीचे माप तालुक्याचे आणि भरतीचे माप राज्याचे, हा या धोरणातला खरा दोष आहे असे आम्हाला वाटते, आणि त्याची चर्चा फार थोडी होते. इचलकरंजीच्या मुलाने इथे येऊ नये, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. मागास तालुक्याच्या नावाने घेतलेल्या सवलतीचा हिशोब त्या तालुक्याला मिळावा, एवढेच म्हणणे आहे, आणि त्या हिशोबात परमनंट किती, ठेकेदाराकडचे किती, हेही असावे.

इतर राज्यांनी हा प्रश्न कायद्याने सोडवू पाहिला. आंध्र प्रदेशाने २०१९ साली खासगी उद्योगांत ७५ टक्के जागा स्थानिकांना ठेवणारा कायदा केला. हरियाणाने दरमहा ३० हजार रुपयांपर्यंतच्या पगाराच्या नोकऱ्यांसाठी तसाच नियम आणला, आणि पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने १७ नोव्हेंबर २०२३ रोजी तो घटनाबाह्य ठरवला. जुलै २०२४ मध्ये कर्नाटकाच्या मंत्रिमंडळाने व्यवस्थापकीय पदांवर ५० टक्के आणि इतर पदांवर ७० टक्के स्थानिक असावेत, अशा विधेयकाला मान्यता दिली. तिथेही अट १५ वर्षांच्या रहिवासाचीच होती, जोडीला कन्नड लिहिता, वाचता, बोलता येण्याची होती. बंगळूरच्या माहिती तंत्रज्ञान उद्योगातून इतका विरोध झाला, की दोनतीन दिवसांतच ते विधेयक बाजूला ठेवावे लागले. कर्नाटकातच बीदर, कलबुर्गीच्या मुलांना या विधेयकात आधार दिसला असता, आणि बंगळूरच्या कंपन्यांना त्यातच अडथळा दिसला. ज्या शहरात देशभरातून माणसे येऊन उद्योग वाढला, ते शहर भरतीचे दार मोकळे ठेवू पाहते, आणि ज्या प्रदेशातून माणसे बाहेर जातात, तो प्रदेश दाराशी आपल्या मुलासाठी जागा मागतो. एकाच राज्यात ही दोन्ही मते एकाच वेळी खरी असू शकतात.

तेलंगणाची रीत याहून निराळी आहे आणि ती बारकाईने पाहण्यासारखी आहे. सरकारी भरतीत हे राज्य स्थानिकांच्या बाबतीत अतिशय काटेकोर आहे, २०१८ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने तिथल्या स्थानिक संवर्गांत ९५ टक्के जागा स्थानिकांसाठी राखल्या गेल्या. मात्र उद्योगांच्या बाबतीत त्याच राज्याने २०१४ साली एक खिडकी परवाना कायदा केला, ज्यात मोठ्या प्रकल्पांना १५ दिवसांत मंजुरी देण्याचे बंधन सरकारनेच स्वतःवर घालून घेतले. सरकारी नोकरीची खात्री आधी मिळाली, म्हणून खासगी उद्योगाकडे मोकळेपणाने पाहता आले, असे आम्हाला हा इतिहास वाचताना वाटते. नांदेडचा मुलगा संगणकाच्या नोकरीसाठी हैदराबादला जातो आणि तिथे त्याला कोणी १५ वर्षांचा दाखला विचारत नाही. नांदेड जिल्ह्यातल्या सीमेलगतच्या काही गावांनी आम्हाला तेलंगणात घ्या अशी मागणी केली होती, ती शेतीच्या योजनांवरून. त्या बातम्यांची महाराष्ट्रात थोडे दिवस चर्चा झाली.

(दृश्य : दिवाळीनंतरचा बीड जिल्हा, ट्रॅक्टर, बैलगाड्या, भरलेला संसार)

यंत्र आणि रोजगार यांचा खरा पेच कारखान्याच्या फाटकावर दिसतो त्याहून अधिक उसाच्या फडात दिसतो. दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून आणि आसपासच्या तालुक्यांतून ऊसतोड कामगार सांगली, कोल्हापूर, सातारा आणि कर्नाटकातल्या बेळगावकडे निघतात. नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. हंगामाआधी मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो आणि ती फिटेपर्यंत कोयता त्याच्याशी बांधला जातो. इथे भरतीचे पत्र नाही, मुलाखत नाही, उचल हाच करार आहे. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ साली कायदा झाला, पण त्याची मर्यादा राज्याच्या सीमेशी बांधलेली होती. धारूरचे जोडपे बेळगावला गेले तर निदान कागदावर तो कायदा त्यांचा होता, आणि तेच जोडपे कोल्हापूरला गेले तर नव्हता, जरी राहायचे पाल तितकेच लहान आणि ओझे तितकेच जड असले तरी.

आता फडात हार्वेस्टर आले आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या बागायतदाराला ते हवे आहे, कारण उचल घेऊन टोळी आली नाही तर त्याचा ऊस शेतात वाळतो, आणि त्याचा हा राग समजण्यासारखा आहे. फडातल्या माणसाला त्याच यंत्राविषयी दोन गोष्टी एकाच वेळी वाटतात. हे काम आपल्या लेकरांनी करू नये, असे त्याला मनापासून वाटते. हे काम गेले तर माजलगाव, केज, पाटोद्याच्या कोरडवाहू रानावर वर्ष निघणार नाही, हेही त्याला ठाऊक आहे. यंत्र वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, वेगळे ठेवत नाही, म्हणजे बैलांचा चाराही जातो आणि वाढे विकून मिळणारा वरखर्चही जातो. या माणसाला यंत्रविरोधी म्हणणे अन्यायाचे होईल. कोयता ठेवल्यावर हातात काय, याचे उत्तर तो मागतो आहे.

कापसाच्या रानात तीच गोष्ट बायकांच्या बाबतीत घडते. तणनाशकाला दाद न देणारी कपाशी पेरली, की फवारणीने तण मारता येते आणि हाताने खुरपावे लागत नाही; अशा बियाण्याला देशात परवानगी नाही. शेतकरी संघटनेच्या शेतकऱ्यांनी जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहागीर येथे ते उघडपणे पेरून सत्याग्रह केला. खुरपणीला बाया मिळत नाहीत, हे शेतकऱ्याचे म्हणणे खोटे नाही. पण ज्या बाईकडे जमीन नाही, तिच्यासाठी खुरपणी हीच भरती आहे, आणि या वादात तिचे म्हणणे विचारायला कोणी गेल्याचे आमच्या पाहण्यात आले नाही.

(दृश्य : बिडकीन, रुंद रिकामे रस्ते, त्यापलीकडे शेते)

पैठण रस्त्यावर बिडकीनला ऑरिक या नव्या औद्योगिक शहराचे मोठे औद्योगिक क्षेत्र उभे राहत आहे. ३१ जुलै २०२४ रोजी, कर्नाटकातले विधेयक बाजूला पडले त्याच महिन्यात, टोयोटा किर्लोस्करने महाराष्ट्र सरकारशी सुमारे २० हजार कोटी रुपयांच्या मोटार प्रकल्पाचा सामंजस्य करार केला. या दोन घटनांचा परस्परसंबंध होता असे आम्ही म्हणत नाही. त्या प्रकल्पाची बातमी आली तेव्हा भोवतालच्या गावांत कोणता प्रश्न विचारला गेला, हे मात्र वेगळे सांगायला नको.

सरकारने २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने वसतिगृहांची योजना सुरू केली. या मुलांपैकी कोणी उद्या आयटीआय करून बिडकीनच्या फाटकावर उभा राहील. त्याच्याकडे रहिवासाचा दाखला मागितला जाईल, आणि त्या दाखल्यासाठी शाळेच्या नोंदी लागतील. त्याच्या लहानपणीची प्रत्येक दिवाळी ते उन्हाळा हे पाच महिने तो आईवडिलांबरोबर फडावर होता. शाळेच्या हजेरीपटावर त्या महिन्यांत त्याच्या नावापुढे गैरहजर असे लिहिलेले आहे.