टाचेमागचा वेढा

(दृश्य: बर्फाने झाकलेला उतार, लाकडी घर)

नॉर्वेच्या तेलेमार्क भागातलं हे मोर्गेदाल. हिवाळ्यात इथे शेजाऱ्याकडे जायचं तरी पायात स्की, म्हणजे बर्फावरून घसरत जायच्या लांब फळ्या, हव्यात. याच गावात १८२५ साली सोंद्रे नॉरहाइम जन्मला. दुसऱ्याच्या जमिनीवर राबणारं गरीब कूळ.

स्कीच्या चढाओढी त्याच्या आधीही होत्या. १७६७मध्ये नॉर्वेच्या सैन्यानं बक्षिसं लावली होती: उतारावरून येता येता नेम साधा, झाडांमधून न पडता सुटा, काठीवर न रेलता खाली या. ही शेवटची अट भलतीच अवघड. कारण तेव्हा स्कीत अडकायचा तो फक्त चवडा, टाच मोकळी. वळायला जावं, तर पाय एकीकडे, स्की दुसरीकडे. उडी मारली, तर ती हवेतच निसटायची. म्हणून एका लांब काठीवर भार टाकत लोक उतार उतरायचे.

सोंद्रेनं लवचीक डहाळ्या पिळल्या आणि टाचेमागून त्यांचा वेढा घातला. बस्स, एवढंच! साध्या चपलेनं धावणं आणि मागे पट्टा असलेल्या सँडलनं धावणं, यात जो फरक, तोच हा. शिवाय स्की आखूड केली, मधोमध कमरेसारखी निमुळती केली. आता उडी मारून उभं राहता येत होतं, वळता येत होतं. काठीची गरजच उरली नाही.

१८६८. राजधानी ख्रिस्तियानियात स्पर्धा भरली. ४२ वर्षांचा सोंद्रे सुमारे २०० किलोमीटर स्कीवरूनच आला, आणि तरण्या पोरांना मागे टाकून जिंकला. उतारावरून वळणं घेत उतरण्याच्या शर्यतीला ‘स्लालोम’ म्हणतात, तो शब्दसुद्धा नॉर्वेजियनच: ‘स्ला’ म्हणजे उतार, ‘लोम’ म्हणजे बर्फात उमटलेला माग.

पुढे १८९२मध्ये राजधानीजवळच्या होल्मेनकोलेन टेकडीवर स्कीवरून उड्या मारायच्या स्पर्धा सुरू झाल्या. १९२४ साली फ्रान्समधल्या शामोनीत ‘हिवाळी क्रीडा सप्ताह’ भरला. त्याला पहिलं हिवाळी ऑलिंपिक म्हणायचं, हे मात्र नंतर ठरलं.

सोंद्रेनं यातलं काही पाहिलं नाही. १८८४मध्ये तो अमेरिकेला गेला आणि नॉर्थ डकोटाच्या सपाट माळरानावर स्थिरावला. स्कीच्या या उस्तादाच्या नशिबी उतारच नव्हता! १८९७मध्ये तो तिथेच वारला.

(दृश्य: घरातली चूल, जवळून)

१९५२च्या हिवाळी ऑलिंपिकची ज्योत ग्रीसहून आली नाही. ती मोर्गेदालला, सोंद्रेच्या घरातल्या या चुलीत पेटवली. तिथून स्कीवरच्या माणसांनी ती हातोहात राजधानीत नेली. ख्रिस्तियानियाचं तोवर ओस्लो झालं होतं.