कवडसे

(पडदा काळा. फक्त हातोडीचा आवाज. टक. टक. टक. बद्द.)

शेवटचा आवाज वेगळा आला. पुन्हा ऐका.

(टक. टक. बद्द.)

पहिल्या दोन ठिकाणी गिलावा चिऱ्याला, म्हणजे भिंतीच्या दगडाला, घट्ट धरून आहे. तिसऱ्या ठिकाणी तो सुटलाय, आत पोकळी आहे. मेस्तांनी, म्हणजे गावच्या जुन्या मिस्त्रींनी, तिथं खडूनं गोल काढला. एकाच भिंतीवर असे सतरा गोल झालेत, आणि सकाळचे साडेनऊच वाजलेत.

(दृश्य: कुळागर, म्हणजे पोफळींची बाग, पाटाचं पाणी. पोफळींच्या शेंड्यांमधून दिसणारं लाल कौलारू छप्पर.)

फोंडा तालुका. एप्रिलचा शेवटचा आठवडा. कुळागरात गारवा आहे, पण अंगणात पाय ठेववत नाही. गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. म्हणजे आता हाताशी पाच-सहा आठवडे आहेत.

घर चौकी. चारी बाजूंनी सोपे, मधोमध राजांगण, राजांगणात तुळस. घरची माणसं मुंबईत, बेळगावात, एक शाखा लिस्बनला. कुलूप उघडतं ते चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला. यंदा ते एप्रिलमध्येच उघडलं, कारण थोरल्या वहिनींनी हट्ट धरला की चवथीआधी कुणातरी जाणत्याकडून घर बघून घ्यायचं. आढ्यापासून जोत्यापर्यंत.

बघायला दोघं आलेत. एक इंजिनियर बाई, रोज कुठली ना कुठली इमारत तपासणाऱ्या. आणि एक मेस्त, सत्तरी ओलांडलेले, ज्यांच्या वडिलांनीही याच गावातली घरं बांधली. बाईंच्या पिशवीत ओल मोजायचं यंत्र आहे, भेगांची रुंदी मोजायची पारदर्शक पट्टी आहे. मेस्तांच्या पिशवीत ओळंबा, हातोडी आणि खडू.

(दृश्य: भिंतीवर आडवा धरलेला टॉर्च. उजेडात पांढरी, वेडीवाकडी रेघ उठून दिसते.)

पाहणीसाठी कोरडे दिवस का निवडायचे? पावसात सगळीच भिंत ओली असते, मग खोट कुठली ते कळत नाही. उन्हाळ्यात पाणी उडून जातं आणि मागं क्षार ठेवून जातं. हा पांढरा पट्टा बघा. याला लोणा म्हणतात. गेल्या पावसात ओल जमिनीतून किती वर चढली, ते या रेघेवर लिहिलेलं आहे. लाकूडही याच दिवसांत सुकून आकसतं, सांधे उघडे पडतात. चिऱ्यांमधल्या भेगा मोठ्या होतात, पट्टी लावून मोजता येतात.

बाईंनी टॉर्च भिंतीला समांतर धरलाय. समोरून उजेड टाकला तर भिंत सपाट दिसते. कडेनं टाकला की फुगवटे सावली पाडतात. आम्ही अर्धा तास या एका भिंतीवरच कॅमेरा ठेवला होता.

(दृश्य: जुना चिरा जवळून. भोकं, त्यात मुंगी.)

हा चिरा. खाणीतून काढताना मऊ असतो, कुऱ्हाडीनं तासता येतो. हवा लागली की कठीण होत जातो. 1807 साली फ्रान्सिस बुकॅनन यानं मलबारात असाच दगड बघून त्याला 'लॅटराइट' हे नाव दिलं. लॅटिनमध्ये 'लॅटर' म्हणजे वीट. आपल्याकडे मात्र तो चिराच.

चिऱ्याला भोकं असतात. तो पाणी पितो आणि परत टाकतो. जुन्या मेस्तांनी त्याच्यावर चुन्याचा गिलावा दिला तो म्हणूनच. शिंपले भाजून केलेला चुना भिंतीतली वाफ बाहेर जाऊ देतो. या घरात मागं कधीतरी कुणीतरी पश्चिमेच्या भिंतीवर सिमेंट मारलं. दिसायला छान, पक्कं. पण ओल आतच कोंडली. बाहेर पडायला तिला वाट उरली नाही, म्हणून ती चढत गेली आणि सिमेंटचा थर ढकलत राहिली. सतरा गोल आहेत ते त्याच भिंतीवर. चुन्याच्या उरलेल्या तीन भिंतींवर मिळून दोन.

(मेस्त भिंतीला कान लावून. "हांगा पळय, बाय." बाई वाकून बघतात.)

लोणा सिमेंटच्या वरच्या कडेशी संपत नाही, त्याच्याही वर गेलाय. आणि तिथून एक मातीची बारीक नळी सरळ वाशाकडे निघालीय. पेन्सिलीएवढी जाड. वाळवी. मेस्तांनी नखानं नळीचा तुकडा पाडला. आत हालचाल आहे. म्हणजे वाट अजून चालू आहे.

(दृश्य: शिडी. मेस्त माळ्यावर चढतात. अंधार.)

आता छपराकडे. आमच्या मते या सगळ्या कामाचं मूळ इथंच आहे, म्हणून थोडं थांबून सांगतो.

पूर्वी घरांवर नळे असत, हातानं घडवलेले, अर्धगोल. वारा, माकडं, गळणारी झावळी, कशानंही ते सरकत. म्हणून दर उन्हाळ्यात घर शाकारावं लागे. नळे उतरवायचे, फुटके बाजूला काढायचे, चांगले परत लावायचे. 1865 मध्ये मंगळूरला बासेल मिशननं कौलांचा कारखाना काढला आणि पुढं ही खोबणीची चपटी कौलं पश्चिम किनाऱ्यावर सगळीकडे पोचली. ती एकमेकांत अडकून बसतात, इतकी सरकत नाहीत. तरी वर्षातून एकदा माणूस वर चढायचाच.

चढायचा तो कौलांसाठी. पण वर गेला की त्याच्या नजरेला आढं पडायचं, वासे पडायचे, रिपा, म्हणजे कौलं टेकायच्या पट्ट्या, पडायच्या. कुठला वासा हाताला भुसभुशीत लागतो, कुठली तुळई भिंतीतून बोटभर सुटलीय, कुठं उंदरानं घर केलंय, हे त्याला कळायचं आणि संध्याकाळी चहा घेताना तो घरमालकाला सांगायचा. त्याला कुणी तपासणी म्हणत नसे, अहवाल लिहीत नसे. पण दरवर्षी घर वरून खालपर्यंत एका जाणत्या नजरेखालून जात होतं. शाकारणी गेली आणि तिच्याबरोबर ती नजरही गेली. पत्रे आले, स्लॅब आले. आता वर चढायला कुणाला कारणच नाही.

(दृश्य: दारं-खिडक्या एकेक करून बंद होतात. सोप्यात काळोख. जमिनीवर एक कवडसा उमटतो. मग दुसरा.)

घड्याळात साडेबारा. मेस्तांनी सगळी दारं लावून घ्यायला सांगितलं.

एप्रिलच्या अखेरीला, मेच्या सुरुवातीला दुपारी सूर्य गोव्याच्या बरोबर डोक्यावर येतो. अंगणातल्या खांबाची सावली खांबाच्या बुंध्यातच मिटते. आपल्या घड्याळाप्रमाणे ती वेळ बारा वाजताची नाही, साडेबाराच्या आसपासची. या दिवसांत, या वेळेला, ऊन छपराच्या प्रत्येक फटीतून ओळंब्यासारखं सरळ खाली येतं. जिथं कवडसा, त्याच्या बरोबर वर फट.

मेस्त शाळेत सूर्याचं भ्रमण शिकले नाहीत. त्यांना वडिलांनी एवढंच सांगितलं होतं की खांबाची सावली मिटली की दारं लावायची.

(दृश्य: मेस्त वाकून प्रत्येक कवडशाभोवती खडू फिरवतात. निवेदन नाही. सुमारे वीस सेकंद.)

एक्केचाळीस.

पण पाणी उन्हासारखं सरळ येत नाही. ते रिपेवर उतरतं, रिपेच्या पोटाला चिकटून हातभर सरकतं आणि तिसरीकडेच ठिबकतं. म्हणून मेस्त खाली खुणा करतात, बाई माळ्यावरून त्या त्या कौलावर खूण करतात, आणि दोन खुणांच्या मधली लाकडं हातानं चाचपली जातात. राजांगणाच्या चार कोपऱ्यांत, जिथं छपराची दोन पाखी, म्हणजे दोन उतार, मिळतात आणि सगळं पाणी एका पन्हळीत येतं, तिथं सर्वांत जास्त वेळ गेला. ईशान्येच्या कोपऱ्यातल्या कोनवाशात बाईंचा स्क्रूड्रायव्हर अर्धा आत गेला. दाबावासुद्धा लागला नाही.

(दृश्य: देवाची खोली. छताखाली टांगलेली रिकामी लाकडी चौकट.)

ही माटोळीची चौकट. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगायला हवं. चवथीला गणपतीच्या डोक्यावर ही चौकट रानातल्या-कुळागरातल्या फळांनी भरतात. नारळांचा घड, सुपारीचे घोस, केळीचे घड, तोरिंगं, हिरवी-लाल रानफळं. वर्षातले बाकीचे दिवस ती रिकामी असते. चवथीला तिच्यावर भराभर वजन चढतं, तेही ऐन पावसाळ्यात, लाकडानं पाणी प्यालेलं असताना. आणि घरातली सगळी माणसं तिच्याखाली बसलेली असतात.

चौकटीची दोरी ज्या वाशाला बांधलीय, त्याच वाशाकडे ती मातीची नळी निघाली होती.

(दृश्य: थोरल्या वहिनी वर बघतात. निवेदन नाही.)

(दृश्य बदल: पणजी, समुद्राच्या बाजूची चार मजली इमारत. गॅलरीच्या खालच्या बाजूला उघडी पडलेली सळई.)

बाईंचं दुसऱ्या दिवसाचं काम. ऐंशीच्या दशकातली सहकारी सोसायटी. इथं लाकूड नाही, वाळवी नाही. इथं मीठ आहे.

सळई काँक्रीटच्या पोटात सुरक्षित असते, कारण ताज्या काँक्रीटचा गुण चुन्यासारखा क्षारधर्मी असतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपतो आणि तो गुण मारतो. बाईंनी खांबाचा एक टवका काढून त्यावर फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब टाकलेत. जिथं रंग गडद गुलाबी आला, तिथं काँक्रीट अजून सळईला जपतंय. जिथं थेंब पाण्यासारखाच राहिला, तिथं ते जपणं संपलंय.

(दृश्य: टवक्यावर पसरणारा गुलाबी रंग. बाहेरची कड राखाडीच.)

राखाडी कड सळईपर्यंत पोचलीय. त्यात खारा वारा. शिवाय आपल्या नद्यांत भरतीचं पाणी खूप आतपर्यंत शिरतं. तिथली वाळू न धुता वापरली तर मीठ बांधतानाच आत जातं. गंजलेलं लोखंड फुगतं, कित्येक पट जागा मागतं आणि काँक्रीट फोडून बाहेर येतं. 2000 सालचं भारतीय मानक, आयएस 456, किनाऱ्यावरच्या बांधकामात सळईवर 45 मिलिमीटरचं काँक्रीट मागतं. या गॅलरीत ते बोटाच्या पेराएवढंही भरलं नाही.

आणि गच्चीवर पत्रे. गोव्यात हे आता घरोघरी दिसतं. स्लॅब गळतो म्हणून वर पत्र्याचं छप्पर घालतात. गळती थांबते, पण स्लॅबला काय झालंय ते बघायचं राहून जातं. पत्र्याखाली उभं राहून बाईंनी पाण्याच्या टाकीच्या पायांवर हातोडी मारली. आवाज तुम्हाला आता ओळखता येईल.

(बद्द.)

(दृश्य: फोंड्याचा बाजार. दुकानांची रांग, वर दवाखाना, वर राहणारी माणसं.)

बाजारातल्या इमारतीत अडचण वेगळी. प्रत्येक दुकानदार आपापला गाळा सजवतो, खांब मात्र सगळ्यांचे. एका गाळ्यात एसीचा पाइप न्यायला तुळईला आरपार भोक. जिन्याखाली खोक्यांचा ढीग, बाहेर पडायची वाट निम्मी. वीजफलकावर एकेका पट्टीला चार-चार जोडण्या. उन्हाळ्यात सगळे एसी एकदम चालू होतात, तेव्हा ही वायर हाताला गरम लागते.

2014 साली 4 जानेवारीला काणकोणात बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली. 31 माणसं गेली, बहुतेक मजूर.

नव्या इमारतीला रेराचा, म्हणजे स्थावर मालमत्तेच्या नियमनाचा, कायदा पाच वर्षांचं संरक्षण देतो. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला आणि तो कळवला, तर बिल्डरनं तीस दिवसांत स्वखर्चानं दुरुस्त करायचा. पाच वर्षांनंतर इमारत राहणाऱ्यांची. आणि जुन्या घराचे तर वारस इतके की छपराचा खर्च कुणी करायचा हेच ठरत नाही. 1867 च्या पोर्तुगीज नागरी कायद्यानं मुलगा-मुलगी सगळ्यांना हिस्सा दिला, ही गोव्याची अभिमानाची गोष्ट आहे. पण प्रत्येकाचा हिस्सा असलेल्या घरावर शिडी कुणी लावायची? या घरात ती थोरल्या वहिनींनी लावली, ज्यांचं माहेर दुसऱ्याच गावात आहे.

(दृश्य: पुन्हा चौकी घर. मेचा दुसरा आठवडा. अंगणात कौलांचा ढीग, नवा कोनवासा, चुन्याची वाफ.)

पश्चिमेच्या भिंतीचं सिमेंट उतरवलंय. चिरा उघडा आहे, सुकतोय. त्याला आठवडाभर तसंच ठेवायचं, घाई करायची नाही, असं मेस्तांनी बजावलंय. माटोळीचा वासा बदलला. जुना खाली आणला तेव्हा दोन माणसांनी उचलायला घेतला आणि एकालाच उचलता आला, इतका तो आतून पोकळ.

(दृश्य: मेस्तांचा नातू छपरावर. मेस्त खाली अंधाऱ्या सोप्यात, खडूच्या गोलांमध्ये उभे.)

सूर्य आता थोडा उत्तरेला सरकलाय. कवडसे गोलांतून बोटभर बाहेर पडलेत. मेस्त खालून हाक देतात, नातू वरून कौल सरकवतो. एक गोल काळा होतो. पुन्हा हाक. दुसरा.

एक कवडसा जात नाही. नातू कौल बदलतो, तरी जात नाही. मेस्त थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहतात, मग शिडीकडे वळतात.

"थांब. हांव येतां."

(दृश्य: शिडीवर चढणारे पाय. काळोख. वर कौल वाजतं. कवडसा विझतो.)