डोळे मिटा आणि सांगा

नमस्कार श्रोतेहो.

हातातली ताकद गेली की घरातल्या सगळ्यांना दिसतं. पेला सुटतो, बटण लागत नाही. संवेदना गेली तर मात्र कुणाला काही दिसत नाही, आणि बऱ्याचदा ज्याची गेली त्यालाही पत्ता नसतो. त्यामुळेच की काय, फिजिओथेरपीच्या पहिल्या दिवशी ताकद तपासली जाते, सांधे किती वळतात ते मोजलं जातं, आणि स्पर्शाची तपासणी मात्र ‘मुंग्या येतात का हो?’ एवढ्यावर उरकते. मला हे मुळीच पटत नाही. पाऊल जमिनीवर टेकलं आहे की हवेत, हेच मेंदूला कळत नसेल, तर मांडीच्या स्नायूंना कितीही व्यायाम द्या, चाल सुधारणार नाही.

ही तपासणी साधीच असते, पण ती नीट करणं अवघड. रुग्णाने डोळे मिटायचे आणि जाणवेल ते सांगायचं. आधी चेहऱ्यावर किंवा जिथे संवेदना चांगली आहे अशा जागी कापूस लावून दाखवायचा, म्हणजे काय ओळखायचं ते कळतं. मग हातापायांवर लावायचा, पण ठरावीक लयीत नाही. एका तालात टेकवत गेलं तर माणूस तालावरच ‘हो, हो’ म्हणत राहतो. ‘आता लागलं ना?’ हा प्रश्न तर विचारूच नये, त्यातच उत्तर असतं.

पायाच्या अंगठ्याची चाचणी बघा. अंगठा वर नेला की खाली, हे रुग्णाने न बघता सांगायचं. तपासणाऱ्याने अंगठा दोन्ही बाजूंनी धरायचा, वरून-खालून नाही. वरून-खालून धरला तर बोटाच्या दाबावरूनच दिशा कळते, आणि तपासायची होती सांध्याची जाणीव, ती राहूनच जाते. हालचालही अगदी थोडी करायची. अंगठ्याला कळलं नाही तर घोटा, तिथेही नाही तर गुडघा, असं वर सरकायचं.

कंपनासाठी 128 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क, म्हणजे ठोकला की थरथरणारा धातूचा चिमटा, वाजवून अंगठ्याच्या हाडावर टेकवतात आणि कंप थांबला की सांगायला लावतात. मध्येच एकदा न वाजवलेला फोर्कही टेकवून बघावा. गार स्पर्शालाच कंप समजणारे कमी नसतात. मधुमेहाच्या रुग्णांसाठी नायलॉनचा एक बारीक धागा असतो, मोनोफिलामेंट. तो तळव्यावर टेकवून वाकेपर्यंत दाबला की 10 ग्रॅमचा दाब पडतो. तेवढाही कळला नाही, तर त्या पायाला जखम होण्याचा धोका आहे असं समजायचं. धागा जाड घट्ट्यावर टेकवू नये, तिथे चांगल्या पायालाही नीट कळत नाही. या कल्पनेचं मूळ जुनं आहे. 1890 च्या दशकात माक्स फॉन फ्राय हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ घोड्याचे केस वापरून स्पर्श मोजत असत.

हाती येतो तो एक नकाशा. दोन्ही पायांत मोजे घातल्यासारखा बधिरपणा असेल तर बहुधा मधुमेहासारख्या कारणाने नसांची टोकं खराब झालेली असतात. एकाच पट्ट्यात असेल तर मणक्यातून निघणारी नस दबलेली असू शकते. पक्षाघातात एक गंमत दिसते, म्हणजे रुग्णासाठी ती गंमत नसते: उजवा हात वेगळा शिवा, कळतो; डावा वेगळा शिवा, तोही कळतो. दोन्ही एकदम शिवा, तर एकच सांगतात. नस शाबूत असते, पण मेंदू एका बाजूची दखलच घेत नाही.

उपचाराच्या दोन वाटा आहेत, आणि त्या बरोबरच चालाव्या लागतात. पहिली, संवेदना पुन्हा शिकवण्याची. कापलेली नस शिवल्यावर ती साधारण रोज एक मिलिमीटर या वेगाने वाढते. मनगटाजवळची जखम असेल तर बोटाच्या टोकाला काही कळायला महिने लागतात, आणि कळतं तेही सुरुवातीला चुकीचं. म्हणून नाणं, किल्ली, कापड, लाकूड बघत चाचपायचं, मग डोळे मिटून, मग पुन्हा बघून. थोडा वेळ, पण दिवसातून अनेकदा. पक्षाघातानंतरही अशी तालीम देतात. तिचे पुरावे अजून फार भक्कम नाहीत, पण नेटाने केली तर काहींना फायदा होतो. उलट, नुसत्या चादरीच्या स्पर्शानेही आग होत असेल तर मऊ कापसापासून खरखरीत टॉवेलपर्यंत हळूहळू सवय लावायची.

दुसरी वाट डोळ्यांना पहारा करायला लावण्याची. विसाव्या शतकात पॉल ब्रँड या शल्यविशारदांनी कुष्ठरुग्णांबद्दल दाखवून दिलं, की हातापायांची झीज बरीचशी न कळलेल्या जखमांमुळे होते. दुखत नाही म्हणून माणूस हात मागे घेत नाही. तेव्हा पाय बधिर असतील तर तळवे रोज आरशात बघा, अनवाणी फिरू नका, चपला-बूट घालण्याआधी आत हात फिरवून खडा नाही ना ते पाहा. पाणी पायाने तपासू नका, कोपराने किंवा थर्मामीटरने तपासा. शेक देण्याआधी तिथला गरम-गार स्पर्श कुणी तपासला नाही, तर तुम्हीच आठवण करून द्या. बधिर कातडीला भाजताना कळत नाही, फोड आल्यावर दिसतो. यात भीड कसली?

तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो, अशी तक्रार असेल तर ती म्हातारपणावर ढकलू नका. पायांची जाणीव गेली की माणूस डोळ्यांच्या आधारावर उभा राहतो. अशांनी न्हाणीघरात आधाराची दांडी बसवून घ्यावी आणि रात्री दिवा चालू ठेवावा.

काही बधिरपणा मात्र फिजिओथेरपिस्टकडे नेण्यासारखा नसतो. चेहरा, हात किंवा पाय एका बाजूने अचानक बधिर झाला, किंवा कंबरदुखीबरोबर जांघांच्या आतला भाग आणि बसण्याची जागा बधिर होऊन लघवीवरचा ताबा सुटला, तर सकाळची वाट पाहू नका. थेट रुग्णालय गाठा.