खाडीतलं गवत आणि ताटातली मासळी

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या राज्याने 2020 मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवन वृक्षाचा मान दिला आणि 2023 मध्ये पापलेटला राज्यमासा केलं. दोन्ही निर्णय चांगले झाले. कांदळवनावर आता शाळेतली मुलंही निबंध लिहितात. पण त्याच कांदळवनाच्या पायथ्याशी, सुकतीला, म्हणजे ओहोटीला, उघड्या पडणाऱ्या चिखलात एक वनस्पती वाढते आणि तिच्याकडे फारसं कुणी पाहत नाही. आज मी तिच्याबद्दल, म्हणजे समुद्री गवताबद्दल बोलणार आहे.

खडकावर वाढतं ते शेवाळ वेगळं. शेवाळाला खरी मुळं नसतात, फुलं येत नाहीत. समुद्री गवताला मूळ आहे, खोड आहे, फूल येतं, बी धरतं. जमिनीवर डायनोसॉर हिंडत होते त्या काळात या गवताचे पूर्वज पुन्हा खाऱ्या पाण्यात शिरले आणि तिथेच रुळले. फूल पाण्याखाली उमलतं आणि परागकणही पाण्यातूनच वाहत दुसऱ्या फुलापर्यंत जातात.

कोकणातल्या खाड्यांत आणि खाली गोव्याच्या मांडवीत जी जात सापडते तिचं शास्त्रीय नाव हॅलोफिला बेकारी. पान तांदळाच्या दाण्याएवढं. लांबी फार तर सेंटिमीटरभर, रुंदी एक-दोन मिलिमीटर. अशी सहा ते दहा पानं एका बारीक देठाच्या टोकाशी झुबक्याने येतात. उभ्याने पाहिलं तर चिखलावर जेमतेम हिरवट छटा दिसते. खाली बसून बोटाने वरचा थर सारला, की चिखलात आडवं पसरलेलं पांढरट खोड दिसतं, पेरापेराला मुळं सोडत गेलेलं. जगभरात ही जात धोक्यात आलेली म्हणून नोंदली गेली आहे.

आपल्याकडे गवताची मोठी कुरणं का नाहीत, असं कुणी विचारेल. गवताला ऊन लागतं, म्हणजेच नितळ पाणी लागतं. आपला समुद्र पावसाळ्यात खवळतो, नद्या डोंगरातली माती घेऊन येतात, पाणी महिनोन्महिने गढूळ राहतं. तमिळनाडूच्या पाल्कच्या उपसागरात पाणी उथळ आणि आडोशाचं आहे, म्हणून तिथे दूरवर कुरणं पसरली आहेत. त्या कुरणांवर डुगाँग हा सस्तन प्राणी जगतो आणि त्याच्यासाठी 2022 मध्ये 448 चौरस किलोमीटरचं राखीव क्षेत्र जाहीर झालं. कोकणात आहेत ते खाडीच्या काठचे लहान लहान पट्टे. त्यांची गोष्ट वेगळी आहे आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते.

ताजं गवत खाणारे प्राणी थोडे. डुगाँग खातो, हिरवं समुद्री कासव खातं, काही मासे आणि समुद्री साळिंदरं खातात. वेळासला जी ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, त्यांचं खाणं खेकडे, शंख-शिंपले, जेलीफिश असं असतं. मग उरलेल्या गवताचं होतं काय? ते कुजतं. आणि खाडीचं पोट भरतं ते या कुजण्यातून.

एक पान गळून चिखलावर पडलं असं समजा. पहिल्या काही दिवसांत त्यातली साखर पाण्यात विरघळून जाते. मग त्यावर जिवाणू आणि बुरशी चढते. पानाच्या नुसत्या धाग्यांत पोषण कमी. जिवाणू आजूबाजूच्या पाण्यातलं नत्र ओढून घेतात आणि त्या पानाचा कस वाढतो. आता बारीक किडे, गांडुळांचे समुद्रातले भाऊबंद, कोळंबीची पिल्लं ते कुरतडतात. त्यांना पचतो तो मुख्यतः वरचा जिवाणूंचा थर. धागे तसेच विष्ठेतून बाहेर पडतात, त्यांच्यावर पुन्हा जिवाणू चढतात, पुन्हा कुणीतरी ते खातं. एकच तुकडा असा अनेक पोटांतून फिरतो आणि प्रत्येक फेरीत थोडं अन्न वरच्या पायरीला पोचतं. त्या किड्यांवर मुडदुशे जगतात, खेकडे जगतात, थंडीत उत्तरेकडून येणारे चिखले आणि तुतवार हे पक्षी जगतात. लहान माशांवर तांबोशी टपलेली असते. बोय तर मधल्या पायऱ्या गाळून थेट चिखलाचा वरचा थरच तोंडात घेते, माती गाळून टाकते आणि उरलेलं आपल्या जाड स्नायूंच्या पोटात वाळूच्या कणांनी दळते.

हिरव्या पानाचाही उपयोग आहेच. त्याच्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या एकपेशीय शैवालाचा पातळ थर धरतो आणि बारीक शंख तो खरवडून खातात. माशाच्या मांसातला कार्बन तपासून तो मुळात गवतातून आला की कांदळवनाच्या पानांतून, याचा अंदाज शास्त्रज्ञ बांधू शकतात. पुष्कळ ठिकाणी असं दिसलं, की पानावरच्या त्या पातळ थराचा वाटा अपेक्षेपेक्षा मोठा असतो. तेव्हा सगळं श्रेय एकट्या गवताला देणं बरोबर नाही. आपल्या खाडीत कांदळवनाचा पालापाचोळा आहे, चिखलावरचं शैवाल आहे, भरतीबरोबर येणारं प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, आहेत. गवत त्या सगळ्यांत भर घालतं आणि शिवाय आडोसा देतं. कोळंबी अंडी घालते समुद्रात. तिची पिल्लं भरतीबरोबर खाडीत शिरतात, काही महिने इथे वाढतात आणि मग पुन्हा समुद्राची वाट धरतात. त्या कोवळ्या वयात लपायला जागा मिळाली तरच ती जाळ्यात येण्याएवढी मोठी होतात.

चिखलाच्या आतला व्यवहार तर मला फारच थोर वाटतो. सुकतीला चिखल तुडवताना सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइडचा. हा वायू मुळांना मारक असतो. गवत दिवसा मुळांवाटे थोडा प्राणवायू चिखलात सोडतं आणि त्यामुळे त्याचा काही भाग निवतो. जगातल्या पुष्कळ कुरणांत आणखी एक मदतनीस सापडतो: ल्युसिनिड नावाचे लहान शिंपले. त्यांच्या कल्ल्यांत असे जिवाणू राहतात, की जे हाच विषारी वायू वापरून अन्न तयार करतात आणि शिंपल्यालाही देतात. गवताकडून प्राणवायू, जिवाणूंकडून अन्न, शिंपल्याकडून आसरा, आणि चिखल तिघांनाही राहण्याजोगा होतो.

गवत गेल्यावर काय होतं, याचे दाखले आहेत. 1930 च्या दशकात अटलांटिकच्या किनाऱ्यांवर ईलग्रास या समुद्री गवतावर रोग पडला. त्यावर जगणारे ब्रँट नावाचे कलहंस मोठ्या संख्येने मेले. त्याच्या पानावरच राहणारी एक लहानशी गोगलगाय कायमची नाहीशी झाली. अमेरिकेत व्हर्जिनियाच्या किनारी खाड्यांत स्कॅलॉप या शिंपल्याचा धंदाच बसला, कारण त्याची पिल्लं गवताला धरून वाढत. 1999 पासून तिथे लोकांनी हाताने 7 कोटींहून जास्त बिया पेरल्या आणि वीसेक वर्षांत 3,600 हेक्टरांवर गवत परत आलं. मग शिंपलेही सोडले गेले आणि ते तगले.

दुसरा दाखला आपल्याच देशातला, लक्षद्वीपचा. अगत्ती बेटाच्या लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळाच्या कड्याआड अडलेल्या उथळ पाण्यात, हिरव्या कासवांची संख्या इतकी वाढली, की त्यांनी गवत पार खुरटवून टाकलं. गवताबरोबर मासेही कमी झाले आणि तिथले मच्छीमार कासवांवर रागावले. मला त्यांचा राग समजतो. कासव वाचवायचं असेल तर त्याच्या कुरणाचाही हिशोब धरावा लागतो.

आपल्याकडे कासवांची झुंबड नाही. इथे गवत जातं ते वाळू उपशाने, खाडीत टाकलेल्या भरावाने, सांडपाण्याने आणि डोंगर कापल्यावर वाहून येणाऱ्या मातीने. जेटी बांधताना किंवा भराव घालताना एकच वाक्य कानावर येतं, "हय काय नाय, नुसतो चिखल." या वाक्याने माझा जीव तुटतो. ज्या बायका त्याच चिखलात कोयती घेऊन वाकतात आणि तिसऱ्या-मुळ्यांवर, म्हणजे शिंपल्यांवर, घर चालवतात, त्यांना तिथे काय आहे ते विचारलं तरी जातं का?

कायद्यात या गवताला जागा आहे. 2011 च्या आणि 2019 च्या सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या, अधिसूचनेत समुद्री गवताची कुरणं आणि जिवंत चिखलपट्टे सर्वांत संवेदनशील, म्हणजे 1-अ गटात धरले आहेत. पण संरक्षण मिळायला आधी ती जागा नकाशावर यावी लागते, आणि एवढं बारीक गवत दुरून घेतलेल्या छायाचित्रात सहज निसटतं. म्हणून एक विनंती. पावसाळा सरल्यावर, अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे सुकती खोल असते तेव्हा, आपल्या खाडीच्या काठाने चालून बघा. हिरवी छटा दिसली तर उपटू नका. शेजारी एक नाणं ठेवून जवळून फोटो घ्या. जागा, तारीख आणि सुकतीची वेळ लिहून ठेवा. ही नोंद ग्रामपंचायतीला आणि वनविभागाच्या कांदळवन कक्षाला लेखी द्या, पोच घ्या. किनारा व्यवस्थापन आराखड्याची जनसुनावणी लागली, की आपल्या खाडीचा नकाशा मागून बघा. त्यात गवत दाखवलेलं नसेल, तर हे फोटो जोडून तिथेच हरकत नोंदवा.

नमस्कार.