दोन छेद पाच

(दृश्य : संध्याकाळ. टेबलावर पाठ टाचणाची वही, पट्टी, घडी घातलेला तक्ता. खुर्चीखाली खेळाचे बूट.)

वर्गातला पाठ पाऊण तासाच्या आत आटोपतो. त्याचं टाचण, म्हणजे तास कसा घ्यायचा याचा आराखडा, लिहायला मात्र अख्खी संध्याकाळ जाते. घटक, उपघटक, उद्दिष्टं, शैक्षणिक साधनं, प्रस्तावनेचे प्रश्न, विषयविवेचन, फलकलेखन, मूल्यमापन, गृहपाठ. डाव्या रकान्यात शिक्षकाची कृती, उजव्या रकान्यात विद्यार्थ्याची. मुलं उद्या काय उत्तर देतील ते आज लिहून ठेवायचं.

शिक्षकाच्या कामाचा हा भाग आपल्यापैकी कुणी कधी पाहिलेला नसतो. शाळा संपेपर्यंत माणूस सुमारे 13,000 तास शिक्षकांना समोर काम करताना बघतो, असा हिशेब समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी 1975 मध्ये मांडला होता. इतके तास बघूनही टाचणाची वही नजरेला पडत नाही. त्यामुळे शिकवणं आपल्याला आधीपासूनच थोडंफार येतं, असं वाटत राहतं. शिक्षक-प्रशिक्षणातल्या पहिल्या सराव पाठाला ते वाटणं संपतं.

आम्ही जिच्यासोबत ही चित्रफीत केली, ती छात्राध्यापिका, म्हणजे शिक्षक होण्याचं प्रशिक्षण घेणारी विद्यार्थिनी, गणिताची आहे. सकाळी व्याख्यानं, दुपारी सराव शाळा, संध्याकाळी सहाला बास्केटबॉल, रात्री टाचण. बासरी जमेल तेव्हा, आणि बऱ्याचदा जमत नाही. “निदान प्रशिक्षण होईपर्यंत तरी खेळ बाजूला ठेव,” असं तिला घरातल्यांनी सांगून झालंय, मैत्रिणींनीही सांगून झालंय. सांगणाऱ्यांची काळजी खरी आहे. वेळ कमी पडतो, झोप कमी होते, हे आम्हीही पाहिलं. ही सगळी तारेवरची कसरत ती कशी करते, तेच टिपायला आम्ही आलो होतो. पण कॅमेऱ्यात येत गेलं ते निराळंच. तिचा वर्ग, तिचं कोर्ट आणि तिची बासरी एकमेकांत शिरत होती.

(दृश्य : महाविद्यालयातला तास. फळ्यासमोर ती. बाकांवर मोजके सहाध्यायी, हातात निरीक्षण तक्ते.)

हे सूक्ष्म अध्यापन. 1963 च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत घडवली. पाच-सात मिनिटांचा पाठ, समोर थोडे विद्यार्थी आणि सरावाला एकच कौशल्य. पाठ झाला की प्रत्याभरण, म्हणजे काय जमलं आणि काय नाही हे सांगणं, मग नव्याने नियोजन आणि पुन्हा तोच पाठ.

आजचं कौशल्य आहे प्रश्न विचारण्याचं. तिनं प्रश्न विचारला, उत्तर आलं नाही, आणि लगेच तिनं तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला. मग उत्तराचा अर्धा भाग स्वतःच सांगून टाकला. निरीक्षकांनी तक्त्यात नोंद केली : “थांबत नाही.”

न थांबणं ही जवळपास सगळ्याच शिक्षकांची सवय आहे. मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात वर्गांच्या ध्वनिफिती ऐकून दाखवून दिलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. ही वेळ तीन सेकंदांच्या पुढे नेली, तर मुलं मोठी आणि विचार केलेली उत्तरं देतात, एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. वाचायला सोपं वाटतं. पण फळ्यापाशी उभं राहून तीन सेकंद शांत राहून बघा. ती शांतता अंगावर येते.

(दृश्य : कोर्ट. फ्री थ्रोच्या रेषेवर ती.)

आणि हीच मुलगी इथे मात्र शांत उभी राहू शकते. फ्री थ्रो, म्हणजे समोरच्या संघाच्या चुकीबद्दल मिळालेली, कुणी न अडवता चेंडू टाकायची संधी. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे तो घ्यायला 5 सेकंद मिळतात. ती चेंडू दोनदा आपटते, हातात फिरवून शिवण बोटांखाली घेते, श्वास सोडते, कड्याकडे बघते. मगच हात उचलते. सगळे तिच्याकडेच बघत असतात, पण घाई नाही.

पुढच्या सूक्ष्म पाठात तिनं काय केलं, ते आधी आमच्या लक्षात आलं नाही. चित्रीकरण पुन्हा पाहताना कळलं. प्रश्न विचारून झाल्यावर तिच्या उजव्या हाताची बोटं किंचित हलतात, चेंडू आपटावा तशी. मग श्वास. तेवढ्यात मागच्या बाकावरून उत्तर येतं.

कोर्टावर कोच तिला अजून एक गोष्ट ओरडून सांगत असतात : “मान वर!” ड्रिबल, म्हणजे चेंडू आपटत पुढे नेणं, शिकणाऱ्याची नजर चेंडूवर खिळते आणि मग मोकळी असलेली सहखेळाडू दिसत नाही. वर्गात हीच नजर टाचणाला चिकटते. जेकब कौनिन यांनी 1970 साली वर्गशिस्तीवरचं आपलं संशोधन प्रसिद्ध केलं. खोडी झाल्यावर शिक्षक काय करतो, यावरून चांगला आणि विस्कळीत वर्ग वेगळा काढता येत नाही, असं त्यांना दिसलं. फरक पडतो तो आधीच. हातातलं काम चालू असताना वर्गात कुठे काय चाललंय याचं भान ज्याला असतं आणि ते मुलांना जाणवतं, त्याचा वर्ग चालतो. व्याख्यानात तिनं हे लिहून घेतलं होतं. समजलं मात्र कोचच्या ओरडण्यातून.

खेळ आणि शिक्षक-प्रशिक्षण यांचं नातं तसं जुनं आहे, आणि बास्केटबॉलच्या बाबतीत तर जन्माचं. डिसेंबर 1891, अमेरिकेतलं स्प्रिंगफील्ड, वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेची प्रशिक्षण शाळा. तिथला 18 जणांचा एक वर्ग कुणाला आवरत नव्हता. आधीच्या दोन शिक्षकांनी हात टेकले होते. हिवाळ्यात मैदान बंद, आणि आतल्या त्याच त्या कवायतींना मुलं विटली होती. तिशीतल्या जेम्स नेस्मिथ यांच्याकडे हा वर्ग आला. त्यांनी मैदानी खेळ आत आणून पाहिले, जमलं नाही. शेवटी पीचच्या दोन टोपल्या सज्जाला ठोकल्या, 13 नियम लिहून भिंतीवर लावले आणि नऊ-नऊचे दोन संघ केले. ज्या खेळाला आज जग बास्केटबॉल म्हणतं, तो एका बेचैन वर्गासाठी केलेला पाठ होता!

सेंडा बेरेन्सन यांची गोष्ट आम्हाला त्याहून जवळची वाटते. त्या पियानो शिकत होत्या. प्रकृती इतकी नाजूक, की ते शिक्षण अर्ध्यावर राहिलं. तब्येत सुधारावी म्हणून 1890 मध्ये त्या बॉस्टनमध्ये व्यायाम-शिक्षक घडवणाऱ्या संस्थेत दाखल झाल्या. सुरुवातीला त्यांना तो व्यायाम अजिबात आवडला नाही. दोन वर्षांनी त्याच बेरेन्सन स्मिथ कॉलेजात मुलींना शारीरिक शिक्षण देत होत्या. नेस्मिथ यांच्या नव्या खेळाबद्दल वाचून त्यांनी तो मुलींसाठी बदलून घेतला, आणि 1893 मध्ये तिथे पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनींमध्ये सामना रंगला. अध्यापन आणि खेळ या दोघांना एका आयुष्यात जागा मिळू शकते, याचा इतका ठसठशीत दाखला दुसरा आमच्या पाहण्यात नाही. तरीही प्रशिक्षणाच्या वेळापत्रकात खेळ आणि कला आठवड्याच्या शेवटच्या तासाला ढकललेल्या असतात, आणि अभ्यासक्रम मागे पडला की आधी त्यांच्यावरच गदा येते. हे बदलायला हवं.

(दृश्य : खोलीचा कोपरा. बासरी. आधी नुसती हवा, मग एक कापरा सूर.)

बासरीत ती अगदी नवखी आहे. खालच्या सुरांना फुंक सावकाश लागते. जोर झाला की सूर उडी मारून वरच्या सप्तकात जातो. एखादं छिद्र बोटाखालून जरासं उघडं राहिलं, तरी सूर फाटतो आणि चूक नेमकी कोणत्या बोटाची ते कळत नाही. शिकवणारे सर प्रेमळ आहेत. एकदा ते सहज म्हणाले, “सोपं आहे हे.” तिला त्यानंतर जास्तच अवघड जायला लागलं. सोपं असूनही येत नाही, म्हणजे आपल्यातच काही कमी आहे, असं तिला वाटलं. तेव्हापासून तिच्या टाचणात आणि तोंडात “सोपं आहे” येत नाही. गणिताच्या तासाला ही फार मोठी गोष्ट आहे. ज्या मुलाला भागाकार जमत नाही, त्यानं हे शब्द किती वेळा ऐकलेले असतात!

(दृश्य : सराव शाळा. सराव पाठ. फळ्यावर 1/2 + 1/3.)

आता त्या दिवसाकडे येऊ. प्रस्तावना छान झाली. फळ्यावर उदाहरण मांडलं. टाचणात अपेक्षित उत्तर : पाच छेद सहा. ती थांबली. दुसऱ्या रांगेतल्या मुलाचा हात वर आला.

“दोन छेद पाच.”

“कसं काढलंस?”

“वर एक अधिक एक, दोन. खाली दोन अधिक तीन, पाच.”

तिनं कागदाच्या पट्ट्या काढल्या. अर्धी पट्टी, तिसरा भाग, आणि दोन्ही सहा भागांच्या पट्टीवर लावून दाखवले. मुलानं मान हलवली. निरीक्षकांनी शेरा चांगला दिला. ती मात्र खूश नव्हती. “त्यानं माझ्यासाठी मान हलवली,” ती आम्हाला म्हणाली, “त्याचा नियम त्याच्या डोक्यात तसाच आहे.”

संध्याकाळी मैत्रीपूर्ण सामना होता. बाकावर बसून स्कोअरशीट लिहायची पाळी तिची होती. एका खेळाडूनं पूर्वार्धात दोनपैकी एक फ्री थ्रो साधला, उत्तरार्धात तीनपैकी एक. सामन्यानंतर तिनं बेरीज मांडली : पाचपैकी दोन. पेन तिथंच थांबलं. दोनपैकी एक, तीनपैकी एक, मिळून पाचपैकी दोन. त्या मुलाचा नियम तंतोतंत हाच होता! तो चुकीचा नव्हता, दुसऱ्याच प्रश्नाचं बरोबर उत्तर होता.

तिनं त्या रात्री बासरी उघडली नाही. टाचण नव्याने लिहिलं.

(दृश्य : तोच वर्ग, पुढचा पाठ.)

“अर्ध्यात आणखी काही मिळवलं, तर उत्तर अर्ध्यापेक्षा मोठं येईल की लहान?”

“मोठं!”

“मग दोन छेद पाच हे अर्ध्यापेक्षा केवढं?”

शांतता. ती थांबते. कुणी वहीत पट्टी काढतंय, कुणी बोटांवर मोजतंय.

“लहान आहे, बाई.” हा आवाज त्याच मुलाचा.

मग ती स्कोअरशीट फळ्यावर चिकटवते. मुलं बेरीज करतात, पाचपैकी दोन येतात, आणि एक मुलगी उठून विचारते, “बाई, मग खेळात कसं चालतं?”

पाठाचा कणा इथे आहे आणि तिनं तो घाईनं सांगितला नाही. तिनं विचारलं, पूर्वार्धातला अर्धा कशाचा अर्धा? दोन थ्रोंचा. उत्तरार्धातला तिसरा भाग? तीन थ्रोंचा. आणि शेवटचे दोन पंचमांश? पाच थ्रोंचे. दर वेळी ‘एक पूर्ण’ म्हणजे काय, तेच वेगळं. पट्टीचं काय? पट्टी तर एकाच मापाची. अर्धा भागही त्या मापाचा, तिसरा भागही त्याच मापाचा. म्हणून तिथे आधी दोघांचे तुकडे सारखे करावे लागतात, सहांश, आणि मग तीन अधिक दोन.

मुलं आता स्वतः थ्रो मांडू लागली. एकानं विचारलं, “दोन्ही वेळा तीनपैकी दोन झाले तर?” सहापैकी चार. म्हणजे पुन्हा दोन छेद तीनच! मिळवूनही तेवढंच कसं राहिलं, यावर दोन बाकांत वाद सुरू झाला.

घंटा झाली. मूल्यमापनाचे प्रश्न राहून गेले, ते निरीक्षकांनी लिहिलं, आणि उद्याच्या तासाला ते घ्यायला सांगितलं. पुढच्या महिन्यात लेखी परीक्षा आहे, त्यामुळे सरावाला कमी येईन हे तिनं कोचना कळवलंय. बासरीच्या सरांनी तोवर फक्त लांब सूर धरायला सांगितले आहेत.