एका गोळीचा भाव

परळ. टाटा हॉस्पिटलसमोरचा फुटपाथ. गावाकडून आलेली माणसं इथेच पथारी टाकतात. एक्स-रेची मोठी पाकिटं, रिपोर्टची फाइल, आणि औषधांची चिठ्ठी खिशात नीट घडी करून ठेवलेली.

अशाच चिठ्ठीवर कधी कधी एक नाव असतं, सोराफेनिब. यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा कॅन्सर फार पुढे गेला की देतात. सकाळी दोन गोळ्या, रात्री दोन. महिन्याला १२०. आजार मुळापासून जात नाही, पण माणूस आणखी काही महिने घरच्यांत राहतो. ज्याच्या घरात हे घडतं, त्याला त्या महिन्यांचं मोल वेगळं सांगायला लागत नाही.

पेटंट बायर कंपनीचं होतं. २०११ च्या सुमारास महिन्याचा खर्च होता २,८०,४२८ रुपये. एक गोळी २,३०० रुपयांच्या वर.

आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात कलम ८४ आहे. पेटंट मिळून तीन वर्षं झाली, तरी औषध लोकांना पुरेसं मिळत नसेल, परवडत नसेल किंवा पेटंटचा वापर भारतात होत नसेल, तर दुसरा उत्पादक सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीशिवाय ते औषध बनवायची परवानगी, मागू शकतो. २०११ मध्ये हैदराबादच्या नॅटको कंपनीने तो मागितला. प्रकरण मुंबईच्या पेटंट कार्यालयात चाललं.

बायरचं एक म्हणणं होतं की सिप्लाचं स्वस्त औषध बाजारात आहेच, मग परवाना कशाला? पण त्याच सिप्लाची विक्री थांबवायला बायर दिल्लीच्या कोर्टात गेली होती! हा मुद्दा टिकला नाही, आणि टिकायला नकोच होता.

९ मार्च २०१२. पेटंट महानियंत्रक पी. एच. कुरियन यांनी परवाना दिला. महिन्याचा भाव ८,८८० रुपये. म्हणजे गोळी ७४ रुपयांना. शिवाय वर्षाला ६०० गरजू रुग्णांना औषध फुकट. पेटंट बायरकडेच राहिलं. नॅटकोने बायरला विक्रीवर ६ टक्के रॉयल्टी द्यायची ठरली, पुढे अपिलात ती ७ टक्के झाली. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आदेश कायम ठेवला, सर्वोच्च न्यायालयानेही हात घातला नाही.

त्यानंतर रक्ताच्या कॅन्सरवरच्या डासाटिनिबसाठी अर्ज आला, मधुमेहावरच्या सॅक्साग्लिप्टिनसाठी आला. दोन्ही फेटाळले गेले. कलम ८४ खाली दिलेला परवाना तो एकच. एवढ्या मोठ्या देशात एकच, हे मनाला पटत नाही.

परळच्या औषधाच्या दुकानात चिठ्ठी पुढे होते. आधी प्रश्न येतो, "किती होतील?" आकडा ऐकून माणूस क्षणभर गप्प राहतो, मग म्हणतो, "दहा दिवसांच्याच द्या."