हिंगाच्या दुकानातला शपथविधी

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातलं भाषण, थोडं कापून-जोडून.)

नमस्कार मंडळी. बटाटेवडे संपेपर्यंत मला वेळ दिलाय, तेव्हा लगेच मुद्द्यावर येतो.

मघाशी प्रश्नमंजूषेत आपली मुलं अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची माहिती धडाधड सांगत होती. हॅरी एस. ट्रुमनच्या नावातला 'एस' कुठल्याच नावाचा नाही, हेसुद्धा एका चिमुरडीला ठाऊक! एका प्रश्नावर मात्र मोठ्यांसकट सगळे गप्प झाले. न्यूयॉर्क शहरात राष्ट्राध्यक्षपदाची शपथ दोघांनीच घेतली. १७८९ साली वॉशिंग्टननी, आणि दुसरे कोण?

चेस्टर आर्थर. आणि ज्या घरात त्यांनी शपथ घेतली, तिथे तुमच्यातले बरेच जण जाऊन आलेत. हिंग आणायला.

मॅनहॅटनमध्ये १२३, लेक्सिंग्टन अव्हेन्यू. आज तिथे कलुस्त्यानचं मसाल्यांचं दुकान आहे. मीही कित्येक वर्षं दोन्ही हातांत पिशव्या, डोक्यात घरून मिळालेली यादी अशा अवस्थेत तिथून बाहेर पडलोय. आत शिरलं की धणे-जिऱ्याचा वास आधी भेटतो, माणसं नंतर. तिथे राष्ट्राध्यक्ष राहत होते याची आठवण करून देणारी पाटी आहे म्हणा, पण तूरडाळ घ्यायला गेलेला माणूस पाट्या कशाला वाचेल?

आर्थर म्हणजे वशिल्याच्या राजकारणातला मुरलेला गडी. १८७१ पासून ते न्यूयॉर्कचे कलेक्टर. आपला जिल्ह्याचा कलेक्टर नव्हे, बंदरावरच्या जकातीचा. तिथल्या नोकऱ्या पक्षाच्या माणसांना वाटायच्या आणि मग त्यांच्याच पगारातून पक्षासाठी वर्गणी कापायची, असा रिवाज होता. (खजिनदारसाहेब, हसू नका. आपली वर्गणी अजून ऐच्छिक आहे.) १८७८ साली राष्ट्राध्यक्ष हेज यांनी त्यांना त्या खुर्चीवरून काढलं. दोनच वर्षांनी पक्षातले गट सांभाळायचे म्हणून राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार गारफिल्ड यांच्या जोडीला उपराष्ट्राध्यक्षपदासाठी त्यांचंच नाव आलं.

२ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनवर गीटो नावाच्या माणसाने राष्ट्राध्यक्ष झालेल्या गारफिल्डना गोळी घातली. सरकारी पद मिळालं नाही म्हणून चिडलेला माणूस. पकडल्यावर म्हणाला, आता आर्थर राष्ट्राध्यक्ष होतील! मारेकऱ्यानेच नाव घेतल्यावर आर्थरकडे संशयाने बघितलं जाणारच.

गारफिल्ड अडीच महिने झुंजले. डॉक्टर न धुतलेली बोटं जखमेत घालून गोळी शोधत होते. टेलिफोनवाले ग्रॅहम बेलही आपलं यंत्र घेऊन आले, पण गोळी काही सापडली नाही. शेवटी समुद्राची हवा लागावी म्हणून त्यांना न्यू जर्सीत एल्बेरॉनला आणलं. गाडी थेट बंगल्याच्या दाराशी जावी म्हणून गावकऱ्यांनी एका रात्रीत अर्ध्या मैलाहून जास्त रूळ टाकले. १९ सप्टेंबरच्या रात्री गारफिल्ड तिथेच वारले.

त्या मरणपंथाच्या दिवसांत आर्थरना एक पत्र आलं होतं. लिहिणारी ज्युलिया सँड, न्यूयॉर्कमधली एकतिशीची आजारी बाई. ओळख ना पाळख. तिने लिहिलं, लोक दुःखात आहेत, पण गारफिल्ड जात आहेत म्हणून तेवढे नाहीत, जेवढे त्यांच्या जागी तुम्ही येताय म्हणून! पुढे सुधारा, असंही तिने सांगितलं. आपल्याकडच्या एखाद्या मावशीने तोंडावर सुनवावं, तसं.

एकोणीसच्या रात्री बातमी १२३ नंबरवर पोचली. साहेब खोलीत एकटेच लहान मुलासारखे रडताहेत, असं दारावरच्या माणसाने वार्ताहरांना सांगितलं. आर्थरच्या पत्नीला जाऊन दीड वर्षच झालं होतं. मग न्यायाधीश शोधायला माणसं धावली, जॉन ब्रेडी सापडले, आणि पहाटे सव्वादोनला घरातच शपथ झाली.

आता पेच असा, की त्या घटकेला उपराष्ट्राध्यक्ष नव्हता, सिनेटचा हंगामी अध्यक्ष निवडलेला नव्हता आणि हाउसला, म्हणजे खालच्या सभागृहाला, स्पीकरही नव्हता. राष्ट्राध्यक्षांमागे वारसाच्या रांगेत हेच तिघे. वॉशिंग्टनला जाताना वाटेत आर्थरचं काही बरंवाईट झालं असतं, तर पुढे कोण? सिनेटने हंगामी अध्यक्ष तरी निवडावा, म्हणून त्यांनी तिचं खास अधिवेशन बोलावणारं फर्मान लिहून व्हाइट हाउसच्या पत्त्यावर टपालात टाकलं. आर्थर सुखरूप पोचले, त्यामुळे ते फर्मान उघडायची वेळ आली नाही.

आणि या वशिल्याच्या माणसाने जानेवारी १८८३ मध्ये पेंडल्टन कायद्यावर सही केली. काही सरकारी नोकऱ्या परीक्षेवर देणारा आणि पगारातून पक्षासाठी पैसे उकळायला बंदी घालणारा तो कायदा. जुने दोस्त चिडले ते चिडलेच.

पण त्यांची आरती ओवाळायची नाही. १८८२ साली चिनी मजुरांना दारं बंद करणाऱ्या कायद्यावरची सहीसुद्धा त्यांचीच. वीस वर्षांची बंदी त्यांनी नाकारली खरी, पण दहा वर्षांची मान्य केली. बाहेरून येऊन इथे स्थिरावलेल्या आपल्यासारख्यांनी हे विसरू नये.

सँडबाई लिहीतच राहिल्या. एकूण तेवीस पत्रं. चांगलं केलं की शाबासकी, चुकलं की कानउघाडणी. ऑगस्ट १८८२ मध्ये एका संध्याकाळी राष्ट्राध्यक्ष काही न कळवता त्यांच्या दारात उभे राहिले आणि जवळजवळ तासभर बसून गेले.

आर्थर १८८६ च्या नोव्हेंबरमध्ये त्याच १२३ नंबरच्या घरात वारले. त्याआधी त्यांनी आपली बहुतेक कागदपत्रं जाळायला लावली. ज्युलिया सँडची पत्रं मात्र ठेवली. ती आता लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत.